मागची दोन चाके निवडण्याआधी तास उकरून पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शून्य मशागतीवर, म्हणजे न नांगरता पेरणी करण्यावर, वर्तमानपत्रांत जे लेखन येते त्यात जमिनीचा कर्ब, गांडुळे, डिझेलची बचत आणि तणांचा बंदोबस्त यांवर भरभरून लिहिलेले असते. पेरणी यंत्राचा विषय निघालाच, तर चर्चा बी मोजून सोडणाऱ्या तबकडीपर्यंत, फार तर तास, म्हणजे बी पडण्याचा चर, पाडणाऱ्या गोल लोखंडी तव्यांपर्यंत जाऊन थांबते. यंत्राच्या अगदी शेपटाला तासाच्या दोन्ही अंगांनी तिरकी धावणारी दोन चाके असतात. प्लँटरवाले त्यांना क्लोजिंग व्हील म्हणतात. त्यांच्याबद्दल सहसा कोणी काही लिहीत नाही. मग न नांगरलेल्या रानात उगवण विरळ झाली की दोष बियाण्यावर, पावसावर किंवा थेट शून्य मशागतीवर जातो. अशा वेळी खुरपे घेऊन तास उकरून पाहिला तर पुष्कळदा दिसते ते वेगळेच: बी चांगले, ओल पुरेशी, पण चर आतून मिटलेलाच नाही. हे पत्र त्या दोन चाकांपुरतेच आहे.

या चाकांकडून तीन कामे हवी असतात. तव्यांनी कापलेला निमुळता चर तळापासून वर मिटला पाहिजे. बियाच्या चहूबाजूंनी माती चिकटली पाहिजे, मध्ये हवेची पोकळी राहता कामा नये. आणि पृष्ठभागाजवळची माती सैल राहिली पाहिजे, म्हणजे कोंबाला पपडी फोडत वर यावे लागणार नाही. नांगरून-कुळवून भुसभुशीत केलेल्या रानात ही तिन्ही कामे साधी गुळगुळीत रबरी जोडी व्यवस्थित करते. १२ इंच व्यासाची आणि १ इंच रुंदीची ही चाके वर फाकलेली आणि खाली जवळ आलेली असतात. खालचे अंतर साधारण ५ सेंटीमीटर. त्यामुळे दोन्हीकडून येणारा दाब तिरका आत उतरतो आणि जमिनीखाली सुमारे ५ सेंटीमीटरवर एकवटतो. मक्याचे बी बहुधा तेवढ्याच खोलीवर असते, म्हणून हिशेब जुळतो.

नांगराविना व्यापारी शेतीची सुरुवात म्हणून अमेरिकेच्या केंटकी राज्यातील हॅरी यंग यांच्या १९६२ सालच्या पेरणीचे नाव घेतले जाते. त्याला साठ वर्षे उलटून गेली. तरी आजही नवा प्लँटर घेतला की त्याच्या शेपटाला बहुधा तीच रबरी जोडी लागून येते, जिची घडण भुसभुशीत मातीसाठी आहे. न नांगरलेल्या जमिनीत तिची अडचण कुठे होते, हे नीट समजून घेतल्याशिवाय दुसरे चाक निवडणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

अडचण चराच्या भिंतींत असते. न नांगरलेली माती तव्यांपुढे सुटी होत नाही. तवे तिला दोन्हीकडे रेटून वाट काढतात. शेजारची गेज व्हील्स, म्हणजे पेरणीची खोली धरून ठेवणारी चाके, त्याच क्षणी वरून भार देत असतात. माती चिकण असेल आणि ओल जास्त असेल, तर भिंत लिंपून काढल्यासारखी गुळगुळीत आणि चकचकीत होते. मागून येणारी रबरी चाके या भिंतीला फोडू शकत नाहीत. ती फक्त चराचे वरचे ओठ जुळवतात, आणि आत बियाभोवती बोगदा तसाच राहतो. वरून पाहणाऱ्याला मात्र तास छान मिटलेला दिसतो. चार-पाच दिवस ऊन लागले, माती आकसली, की शिवण उसवावी तसा तास सबंध लांबीभर उघडतो.

उघड्या किंवा पोकळ तासात काय घडते ते पिकागणिक थोडे बदलते. मक्याचे बी रुजण्याआधी स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के, तर सोयाबीनचे सुमारे ५० टक्के पाणी शोषून घेते. एका अंगाने माती आणि दुसऱ्या अंगाने हवा असलेल्या बियाला ते पाणी मिळायला उशीर होतो, आणि शेजारच्या बियाला वेळेवर मिळते. उगवण पुढेमागे होते ती इथून. मक्यात मागे पडलेले रोप पुढे गेलेल्या रोपाच्या सावलीत कायमचे दबते आणि कणीस लहान धरते. फटीतून उजेड आत गेला तर मक्याचा कोंब पृष्ठभागावर पोचल्याचे समजून वाढ थांबवतो आणि मातीच्या आतच पाने उलगडतो. असे रोप बहुतेक वर येत नाही. पुढचा धोका मुळांचा. मक्याची कायमची मुळे बी कितीही खोल पडले तरी पृष्ठभागाखाली साधारण २ सेंटीमीटरवर फुटतात. नेमका तेवढाच थर उसवलेल्या तासात कोरडा पडलेला असतो. मग मुळे फुटतात पण माती धरत नाहीत, आणि गुडघाभर झालेला मका वाऱ्याने आडवा होतो. भिंत कडक असेल तर मुळे आडवी शिरू न शकल्याने तासाच्या दिशेनेच पुढेमागे पसरतात. उपटून पाहिल्यास ती पुस्तकात दाबून ठेवल्यासारखी चपटी दिसतात. पाऊस ताणला की असे रोप शेजारच्या ओळींमधल्या पट्ट्यातली ओल घेऊच शकत नाही.

आता निवडीकडे. पण नवी चाके आणण्याआधी एक तपासणी आम्ही अटळ मानतो. एका ओळीच्या दोन्ही मागच्या चाकांचा दांडा साखळीने वर बांधून ठेवा आणि नेहमीच्या वेगाने २०-३० मीटर पेरा. मग खाली बसून उघडा चर पाहा. तळ निमुळता आणि स्वच्छ आहे का? भिंती चमकतात का, की खडबडीत आहेत? बी तळाशी बसले आहे की भिंतीला चिकटून अधांतरी आहे? तळात काडी, पाचट घडी होऊन बसले आहे का? मागच्या चाकांवर ढकलले जाणारे निम्मे दोष इथेच उघडे पडतात, आणि ते त्या चाकांचे नसतात.

उदाहरणार्थ, तवे झिजलेले असणे. १५ इंची तवा अर्धा इंच झिजून १४.५ इंचांवर आला की बदलायला झाला. जोडीतले तवे पुढे खाली एकमेकांना सुमारे २ इंच लांबीत टेकले पाहिजेत. हे मोजायला दोन जाड कार्डे पुरतात: एक पुढून, एक मागून तव्यांच्या मध्ये सरकवा, ती जिथे अडतील त्या दोन जागांमधले अंतर म्हणजे स्पर्शाची लांबी. तवे टेकतच नसतील तर चराच्या तळात मध्ये उंचवटा राहून दोन घळी तयार होतात. बी त्या उंचवट्यावर किंवा बाजूच्या घळीत पडते. त्याला कोणतेही मागचे चाक नीट झाकू शकणार नाही. तरीही अशा यंत्राला नवी काटेरी चाके लावली जातात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होतो.

तसेच काडीकचऱ्याचे. तव्यांना धार नसली, जमीन पोचट असली किंवा सकाळच्या दवाने काडी लवचीक झालेली असली, तर तवे तिला कापण्याऐवजी घडी घालून चरात खोवतात. बी मातीऐवजी काडीवर बसते. इथे उपाय पुढच्या काडी-बाजूला-सारणाऱ्या चाकांचा. मात्र तीही जमीन खरवडणार नाहीत इतकीच खाली हवीत. फक्त काडी सारायची, माती नाही. ती माती उकरू लागली की ओळीत उथळ पन्हळ पडते, आणि मागच्या चाकांना चरात ओढायला मातीच उरत नाही.

गेज व्हील्सवरचा भारही पाहावा. भार कमी असेल तर बी उथळ पडते, आणि भीतीपोटी जास्त दिला तर चराच्या भिंती दुप्पट आवळल्या जातात. यंत्र जमिनीत असताना गेज व्हील हाताने फिरवून पाहावे: जोर लावल्यावर ते घसरत फिरले पाहिजे. हलक्या हाताने फिरले तर भार अपुरा, अजिबात हलले नाही तर भार अति. प्रत्येक ओळीला हे करावे. ट्रॅक्टरच्या चाकोरीतल्या ओळी आणि बाहेरच्या ओळी सारख्या निघत नाहीत.

एवढे करूनही भिंती चकचकीत आणि शाबूत दिसल्या, तर मगच मागच्या चाकांचा प्रश्न खरा.

गुळगुळीत रबरी जोडी सरसकट टाकाऊ नाही. वाळूसर जमिनीत, कोरड्या आणि आपोआप चुरा होणाऱ्या पोयट्यात, तसेच वर्षानुवर्षे न नांगरल्यामुळे ज्या जमिनीची घडण रवाळ झाली आहे तिथे ती चांगले काम करते. हलक्या वाळूत तर रुंद रबरी चाक अधिक बरे, कारण अरुंद चाक खाली रुतत जाते आणि बियावर नको तितकी माती चढवते. जिथे भिंत चमकते तिथे मात्र रबरी चाकाचा दाब वाढवून काही साधत नाही. दाब वाढवला की वरचा थर आणखी घट्ट होतो, त्यावर पाऊस आणि ऊन पडले की पपडी धरते, आणि आतली पोकळी जशीच्या तशी. सोयाबीन आणि कापूस यांना हे सर्वांत महाग पडते. ही रोपे मान वाकवून, डाळिंब्या ओढत वर येतात. पपडीखाली ती मान मोडते आणि रोप तिथेच संपते. मक्याचा कोंब सुईसारखा सरळ असल्याने तो तुलनेने निभावतो.

बिडाचे चाक जड आणि अरुंद असते. कोरड्या, कडक जमिनीत रबरी चाक वरून नुसते घसरत जाते तेव्हा बिडाचे चाक कडा दाबून आत ढकलते. ते भिंत तोडण्यापेक्षा दाबण्याचेच काम करते, हे लक्षात ठेवावे. ओल्या चिकण जमिनीत त्यावर चिखल चढतो, व्यास वाढतो, आणि काही अंतरावर ते चरातली माती बियासकट उचलू लागते. म्हणून बिडाची जोडी कोरड्या पेरणीची, ओल्या पेरणीची नव्हे.

काटेरी चाकांचे तत्त्व निराळे आहे. त्यांचे काटे चराच्या बाजूच्या मातीत शिरून भिंत आतून फोडतात आणि चुरा झालेली माती चरात लोटतात. चकचकीत भिंतीवर खरा उपाय हाच. त्यातही दोन जाती पाहायला मिळतात. सरळ, लांब, जाड काटे जास्त आक्रमक. ते जाड चिकण माती आणि गवताची मुळे विणलेली जमीन उलगडतात, पण वर येताना काडी, वेली आणि चिखल सोबत घेतात. मागे वाकवलेले काटे जमिनीतून निघताना जवळजवळ सरळ बाहेर येतात, म्हणून त्यांच्यावर कचरा कमी गुंडाळतो आणि माती कमी उडते. आच्छादन पिकात (जमीन झाकून ठेवण्यासाठी घेतलेल्या पिकात), विशेषतः ते हिरवे आणि उभे असताना पेरायचे असेल, तर वाकवलेले काटे घ्यावेत. काट्यांच्या बुडाशी कडे असलेली चाकेही मिळतात. हे कडे काटा ठरावीक खोलीपलीकडे जाऊ देत नाही. मऊ जमीन आणि कडक जमीन एकाच रानात असेल तर हे कडे फार कामाचे.

काटेरी चाकांकडून होणारे नुकसानही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. काटा बियाच्या खोलीपेक्षा खाली गेला तर बी हलते, कधी वरही येते. उथळ पेरलेल्या सोयाबीनमध्ये आणि कपाशीत हे सहज घडते. काट्याचे टोक बियाच्या खोलीपेक्षा सेंटीमीटरभर वरच थांबावे आणि चराच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे साधारण २.५ सेंटीमीटर दूर चालावे. कोरड्या, हलक्या जमिनीत दोन्ही बाजूंना काटे लावले तर माती इतकी पोकळ होते की आहे ती ओलही उडून जाते. उतारावर ओळी वर-खाली काढलेल्या असतील तर मोकळा झालेला पट्टा पहिल्या जोरदार सरीत बियासकट वाहून जाऊ शकतो. दगडाळ रानात काटे वाकतात, आणि वाकलेला एक काटा दर फेऱ्याला एकाच जागी बी उकरतो. अति ओल्या चिकण मातीत काट्यांमधल्या फटी भरून जातात आणि काटेरी चाकाचे मातीचे भरीव चाक होते. मग ते रबरी चाकाहून वाईट दाबते. वेग वाढला की माती चरावर न पडता पलीकडे फेकली जाते. ताशी ७-८ किलोमीटरच्या वर सरळ काट्यांनी पेरायचे असेल तर दर थोड्या अंतराने उतरून पाहणे भाग आहे.

म्हणून ज्याला एकाच जोडीवर हंगाम काढायचा आहे त्याने एका बाजूला काटेरी आणि दुसऱ्या बाजूला रबरी चाक लावून सुरुवात करावी, असे आमचे ठाम मत आहे. काटेरी चाक एक भिंत फोडते, रबरी चाक ती माती बियावर बसवते आणि खोलीही धरून ठेवते. एकच भिंत फुटली तरी मुळांना बाहेर पडायला वाट मिळते. ओल थोडी कमी-जास्त झाली तरी ही मिश्र जोडी दगा देत नाही. दोन काटेरी चाके त्यांनी घ्यावीत ज्यांची जमीन भारी आहे आणि ज्यांना थंड, ओल्या दिवसांतच मका पेरावा लागतो. त्याच यंत्राने पुढे ऊबदार, कोरड्या दिवसांत सोयाबीन पेरायचे झाले तर एका बाजूचे काटे उतरवून रबरी चाक चढवावे. प्रत्येक चाकाला एकच बोल्ट असतो. सगळे यंत्र बदलायला अर्धा दिवसही लागत नाही. पण हे काम कोणी करत नाही. हंगामाच्या सुरुवातीला जे बसवले तेच शेवटपर्यंत धावत राहते.

पातळ, दातेरी तबकड्यांची जोडी आणि तिच्यामागे एक अरुंद दाबचाक अशीही दुहेरी रचना असते. तबकड्या माती चरावर ओढतात, दाबचाक ती बसवते. दोन कामे दोन अवयवांनी होतात हे तिचे बलस्थान. शेपूट लांब होते, वजन वाढते आणि जुळणीच्या जागा दुप्पट होतात ही किंमत.

दोन कामे वेगळी करण्याचा हा विचार आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बी तळात बसवणे आणि चर मिटवणे ही एकाच चाकाकडून करून घ्यायची कामे नाहीत. काटेरी चाक भिंत फोडते, पण बी दाबत नाही. म्हणून ज्यांनी काटे लावले त्यांनी बी पडते त्याच्या लगेच मागे, उघड्या चरातच बी दाबणारी लवचीक पट्टी किंवा छोटे अरुंद चाक अवश्य लावावे. प्लॅस्टिकची ही पट्टी बियाला तळाच्या निमुळत्या टोकात रोवते, त्यामुळे तिन्ही बाजूंनी ओलसर माती लागते, आणि मागून काट्यांनी थोडी धसमुसळी केली तरी बी जागचे हलत नाही. पट्टीचा ताण इतकाच असावा की ती बीच दाबेल. ओल्या चिकण मातीत तिच्यावर चिखलाचा गोळा धरतो आणि बी ओढत नेतो, तेव्हा ती काढून ठेवणेच बरे. बी आधीच बसलेले असेल तर मागच्या चाकांवर दाबाची जबाबदारी राहत नाही, आणि ती हलक्या स्प्रिंगवर चालवता येतात.

मागच्या चाकांच्या स्प्रिंगचा ताण बदलणाऱ्या खिट्टीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो: जमीन कडक, म्हणून खिट्टी शेवटच्या खाचेत. मागच्या दांड्याची स्प्रिंग चाकांना खाली रेटते, पण तेवढाच जोर ती पेरणीच्या सांगाड्याला वर उचलण्यातही लावते. खिट्टी जितकी मागे तितका गेज व्हील्सवरचा भार कमी, आणि खोली तितकी बेभरवशाची. रबरी किंवा बिडाची चाके काढून काटेरी बसवल्यावर खिट्टी आधी सर्वांत हलक्या खाचेत आणावी आणि तास उकरून पाहत एकेक खाच वाढवावी. चर मिटला आणि भिंत फुटली की तिथेच थांबावे.

चाके चराच्या बरोबर मध्यावर आहेत का, हे तर प्रत्येक हंगामाआधी पाहायलाच हवे. यंत्र सपाट, कडक फरशीवर उतरवून अगदी सावकाश एक-दोन मीटर पुढे घ्यावे. तव्यांची रेघ फरशीवर उमटते. मागची दोन्ही चाके त्या रेघेपासून सारख्या अंतरावर आली पाहिजेत. एक चाक रेघेवर आणि दुसरे लांब असेल तर एकच भिंत दाबली जाते, नाहीतर चाक थेट बियावरून जाते. दांड्याच्या खुंटीवर मध्यापासून सरकलेल्या भोकाचे बुश असतात. ते फिरवून दांडा डावी-उजवीकडे आणता येतो. बुश झिजले असतील तर ही जुळणी टिकत नाही. दांडा हाताने धरून दोन्हीकडे हलवावा. ढिलाई जाणवली तर आधी बुश बदलावेत, मग जुळवावे. काटेरी चाकांना बुशची ढिलाई अधिक भोवते, कारण काटा एका बाजूला सरकला की तो नेमका बियातच शिरतो. चाकाचे बेअरिंग हातात फिरवून खरखर ऐकू येते का हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पुष्कळ दांड्यांवर एकेका चाकासाठी पुढे-मागे अशी दोन भोके असतात. एक चाक पुढच्या, दुसरे मागच्या भोकात बसवले की त्यांच्या मध्ये काडी आणि ढेकळे अडकत नाहीत. धसकटांच्या रानात हे करावे. मात्र सगळ्या ओळींना एकाच बाजूचे चाक पुढे ठेवावे, नाहीतर उकरून केलेल्या तुलनेला अर्थ राहत नाही.

यंत्राचा मुख्य दांडा समतल नसेल तर वरचे सगळे व्यर्थ जाते. पुढचे टोक खाली झुकले की शेपूट उचलले जाते आणि मागच्या चाकांना जमीन पुरेशी लागत नाही. पुढचे टोक वर गेले की शेपूट रुतते आणि तीच चाके खोल घुसतात. पाणसळ लावून हे पाहावे, पण शेडमध्ये नव्हे. रानात, यंत्र पेरणीच्या खोलीवर बसवून, काही मीटर पेरून थांबल्यावर. खत आणि बियाणे भरलेले असताना आणि पेट्या रिकाम्या होत आल्यावर असे दोनदा.

काटेरी चाकांच्या मागे ओढती साखळी लावावी की नाही यावर मतभेद आहेत. काट्यांनी उलगडलेली माती कोरड्या रानात खडबडीत राहते आणि काही जागी बी उघडे पडते. तिथे साखळी माती सारखी करून बी झाकते. लांब काडीच्या रानात तीच साखळी कचरा गोळा करून ढीग लावते. थोड्या काडीत लावावी, दाट काडीत काढावी, एवढेच आम्ही सांगू.

आणि ओल. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, नसताना कोणतेही चाक चांगले नाही. पेरणीच्या खोलीवरची माती मुठीत दाबून, अंगठा आणि तर्जनीमध्ये सरकवत पट्टी काढून पाहावी. लांब, चिवट, चमकणारी पट्टी निघत असेल तर त्या दिवशी यंत्र उभे ठेवावे. काटेरी चाके घेतली म्हणून ओल्यात पेरायची मोकळीक मिळाली, असे मानणारे आगीतून फुफाट्यात पडतात: भिंत तेवढ्यापुरती फुटते, पण तव्यांनी आणि गेज व्हील्सनी आवळलेला बाजूचा थर काट्यांच्या पोचेपलीकडे तसाच राहतो.

पेरणी चालू असताना उकरण्याची रीतही ठरलेली असावी. तासाच्या वरून बोट घालून बी शोधले तर चर आपणच मोडतो आणि काहीच कळत नाही. तासापासून १०-१२ सेंटीमीटर बाजूला खुरप्याने खड्डा घ्यावा आणि तिथून मातीचे पातळ थर सुट्या हाताने तासाकडे काढत यावे. बी दिसले की थांबावे. बियाच्या भोवती पोकळी आहे का, भिंतीची कड अजून ओळखू येते का, हे पाहावे. तासाच्या बाजूची माती सबंध फळीसारखी सुटून आली तर भिंत फुटलेली नाही. ती चुरा होऊन पडली आणि चराची हद्दच सापडली नाही, तर चाके बरोबर आहेत. प्रत्येक ओळीला निदान तीन जागी पाहावे, आणि जमीन बदलली किंवा दुपारी ओल उतरली की पुन्हा. चार-पाच दिवसांनी, ऊन खाल्लेल्या तासावर आणखी एक फेरी मारावी. पेरणीच्या दिवशी मिटलेला तास त्या दिवशी उसवला असेल तर खुणेसाठी काठी रोवून ठेवावी आणि मक्याला सहा पाने आल्यावर तिथलीच रोपे मुळांसकट उपटून पाहावीत. चपटी मुळे दिसली की पुढच्या हंगामासाठी त्या रानाला कोणती जोडी लागेल ते ठरले.

आपणास एक विनंती आहे. शून्य मशागतीच्या पिकाची यशोगाथा किंवा तक्रार छापताना वाण आणि उत्पादन यांच्या सोबत पाच गोष्टी विचारून छापाव्यात: मातीचा प्रकार, पेरणीच्या दिवशीची ओल, बियाची खोली, पेरणीचा वेग आणि मागे कोणती चाके होती. शक्य तर बाजूने उकरलेल्या तासाचे एक छायाचित्रही द्यावे. तसे छायाचित्र आम्हाला हिरव्या शेताच्या दहा छायाचित्रांपेक्षा अधिक सांगून जाईल.

आपले,
शून्य मशागतीच्या पेरणी यंत्रांची जुळणी करणारे काही वाचक